मराठवाड्यातल्या एकपडदा टॉकीज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या टॉकीजबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथं एकत्र केले आहेत. काही मालकांचे आहेत, काही जागेवर डोळा असणाऱ्यांचे, आणि बरेचसे आठवणींनी हळवे झालेल्यांचे. हळव्या मंडळींनी आधी हिशेबाचा प्रश्न वाचावा, मग बाकीचे.

एकपडदा टॉकीज म्हणजे नेमकं काय?

एक इमारत, एक पडदा, एक केबिन आणि साधारण चारशे ते हजार खुर्च्या. दिवसाला तीन किंवा चार खेळ. धंद्यातली माणसं ‘सिंगल स्क्रीन’ म्हणतात, प्रेक्षक टॉकीज म्हणतो. आतून भिंत घालून दोन पडदे केलेल्याही काही आहेत. कागदोपत्री त्या वेगळ्या, पण त्यांचं दुखणं तेच, म्हणून या पानावर त्यांनाही धरलं आहे.

मराठवाड्यात ‘चित्रमहाल’ म्हणावीत अशी चित्रपटगृहं होती का?

मुंबईच्या मापानं मोजलं तर नाही. तिकडं १९३३ चं रीगल, १९३८ ची इरॉस आणि मेट्रो, १९४९ चं लिबर्टी. त्यांच्यावर वास्तुरचनेची पुस्तकं निघतात. जयपूरचं १९७६ चं राजमंदिर बघायला लोक किल्ला बघावा तसं तिकीट काढून जातात. आपल्याकडं समोरच्या भिंतीवर सिमेंटच्या मोठ्या अक्षरांत नाव, खाली पोर्च, बाजूला जाळीच्या खिडकीचं बुकिंग, आत मोझॅकचा जिना आणि वर बाल्कनी. एवढ्यात आमचा महाल संपतो.

पण मापच बदलून बघा. ज्या तालुक्याच्या गावात पाचशे माणसं एका छताखाली खुर्चीवर बसतील अशी दुसरी जागाच नव्हती, तिथं ती इमारत मोठीच होती. आठवडी बाजाराला आलेला माणूस बैल सावलीला बांधून तीनच्या खेळाला बसायचा आणि अंधार पडायच्या आत गावाकडं निघायचा. बाजाराच्या दिवसाचा मॅटिनी हा अनेक टॉकीजचा आठवड्याचा सगळ्यात भरवशाचा गल्ला होता. छत्रपती संभाजीनगरात अंजली, सादिया, अभिनय, गुलजार ही नावं सिनेमापेक्षा पत्ता सांगायलाच जास्त वापरली गेली असतील. टॉकीजचं शटर खाली आलं तरी रिक्षावाल्याला नाव तेच सांगतात.

सिनेमावाले मराठवाड्याला ‘निजाम’ का म्हणतात?

कारण चित्रपट वितरणाचा नकाशा १९४८ च्या आधीचाच राहिला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. शाळा, कचेऱ्या, कोर्ट सगळं बदललं. पण हिंदी चित्रपटाचे हक्क ज्या ‘सर्किट’नुसार विकले जातात त्यात आजचा तेलंगण, कर्नाटकातले बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि आपला मराठवाडा हे एकाच खान्यात राहिले. त्या खान्याचं नाव निजाम. शेजारचे अकोला-बुलढाणा ‘सीपी-बेरार’मध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात, सोलापूर-नगर ‘बॉम्बे’मध्ये. पैठणला गोदावरीवरचा पूल ओलांडला की सिनेमाच्या दृष्टीनं माणूस दुसऱ्या मुलखात जायचा.

ही नुसती गंमत नाही. प्रिंटच्या, म्हणजे फिल्मच्या रिळांच्या, काळात निजाम सर्किटला मोजक्या प्रती मिळत आणि त्या आधी हैदराबाद-सिकंदराबादेत लागत. तिथला जोर ओसरला की मग नांदेड-परभणीचा नंबर, आणि तालुक्याच्या गावी येईपर्यंत गाण्याच्या जागी कापाकापी झालेली, पडद्यावर पाऊस पडतोय असं वाटावं इतकी ओरखडलेली प्रिंट यायची. मराठी चित्रपटाचा व्यवहार मात्र मुंबई-पुणे-कोल्हापूरच्या बाजूनं चालायचा. म्हणजे एकाच टॉकीजच्या मालकाला हिंदीसाठी पूर्वेला आणि मराठीसाठी पश्चिमेला तोंड करून बसावं लागे.

नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर, देगलूर-धर्माबादकडं, तिसरी भाषाही आली. तिथला प्रेक्षक तेलुगू चित्रपट न भाषांतर करता बघतो. पुण्या-मुंबईत बसून धोरण ठरवणाऱ्यांना मराठवाड्याचा प्रेक्षक म्हणजे फक्त मराठी-हिंदी वाटतो, ते तितकंसं खरं नाही.

टॉकीज मल्टिप्लेक्सनं मारल्या ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. अर्धं उत्तर हो असं आहे, पण ते जिल्ह्याच्या मोठ्या शहरांपुरतं. ज्या तालुक्यात आजही मल्टिप्लेक्स नाही तिथल्या टॉकीज का बंद पडल्या, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

पहिला घाव घरातूनच बसला. १९८२ ला रंगीत दूरदर्शन आलं, पाठोपाठ व्हिडिओ. एका टीव्हीवर पन्नास माणसांना रुपया-दोन रुपयांत तीन सिनेमे दाखवणारे व्हिडिओवाले गल्लोगल्ली झाले. १९८७ ला रविवारी सकाळी रामायण सुरू झालं आणि रविवार सकाळचा खेळ आडवा झाला. १९९१ नंतर केबल आली. म्हणजे १९९७ ला दिल्लीत देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स सुरू झालं तेव्हा आमच्याकडच्या बऱ्याच टॉकीज आधीच दम लागलेल्या होत्या. त्याच वर्षी १३ जूनला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागून ५९ माणसं गेली. त्यानंतर अग्निसुरक्षेच्या अटी कडक झाल्या. व्हायलाच हव्या होत्या. पण वीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीत नवे दरवाजे, टाक्या, वायरिंग करायचं म्हणजे मालकाला एका हंगामाचं उत्पन्न घालावं लागायचं.

मग आलं भारनियमन. २००५ च्या पुढची काही वर्षं मराठवाड्यात दिवसाचे तासन् तास वीज नसायची. जनरेटरवर खेळ चालवायचा तर डिझेल तिकिटाला खाऊन टाकायचं. मुंबईच्या टॉकीजला हा रोग माहीतच नाही, त्यामुळं तिकडच्या लेखांत तो येत नाही.

मल्टिप्लेक्सबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. २००१ मध्ये राज्यानं मल्टिप्लेक्ससाठी धोरण आणलं. पहिली ३ वर्षं करमणूक शुल्क पूर्ण माफ आणि पुढची २ वर्षं फक्त २५ टक्के. रस्त्याच्या अलीकडची टॉकीज पूर्ण कर भरतेय आणि पलीकडं नव्या काचेच्या इमारतीला माफी. नव्याला उत्तेजन द्यायला हरकत नव्हती. जुन्याला दुरुस्तीसाठी तेवढीच सवलत त्याच वेळी दिली असती, तर आज हे पान इतकं लांब झालं नसतं.

शेवटचा दणका कोरोनाचा. मार्च २०२० ला पडदे बंद, नोव्हेंबर २०२० ला निम्म्या खुर्च्यांवर सुरू, एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद, २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा निम्म्यावर सुरू. मधल्या काळात खुर्च्यांचा फोम उंदरांनी खाल्ला आणि डोअरकीपर भाजीची गाडी लावून बसले. काहींनी परत दार उघडलंच नाही.

एका दिवसाचा हिशेब मांडून दाखवाल का?

दाखवतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

समजा ६०० खुर्च्यांची टॉकीज. तिकीट सरासरी १०० रुपये, करासकट. दिवसाला ४ खेळ, आणि साध्या आठवड्यात दर खेळाला ४० माणसं. ४० हा आकडा वाचून हसू नका, पाऊस नसलेल्या मंगळवारी तो बरा आकडा आहे. दिवसाचा गल्ला १६,००० रुपये. त्यातून ५ टक्के जीएसटी वजा जाता साधारण १५,२०० उरले. वितरकाशी निम्म्या-निम्म्याचा सौदा झाला असं धरू, मोठ्या चित्रपटाला तो टॉकीजवाल्याच्या बाजूनं इतका चांगला होत नाही. हाती ७,६००. महिन्याचे २,२८,०००.

आता खर्च. ऑपरेटर, बुकिंग क्लार्क, डोअरकीपर, झाडूवाला, रखवालदार अशी ८ माणसं प्रत्येकी १२,००० नं धरली तर ९६,००० गेले. उरलेल्या १,३२,००० मध्ये वाणिज्यिक दराचं वीजबिल, डिजिटल यंत्रणेचं भाडं, मालमत्ता कर, विमा, परवाना नूतनीकरण, फाटलेल्या खुर्च्या. एखादा महिना मालक खिशात काही घालतो, एखादा महिना खिशातून काढतो.

आणि आता याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवा. तीच जागा, मुख्य बाजारात, दहा-बारा गुंठे. तिथं २० गाळे काढले आणि प्रत्येकी १५,००० भाडं धरलं, तर महिन्याला ३ लाख रुपये, बसल्या जागी. टॉकीज तोट्यात आहे म्हणून बंद पडते असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती बरेचदा तोट्यात नसते. जमिनीच्या भावाला तिचा नफा पुरत नाही, एवढंच.

कँटीन आणि सायकल स्टँड विसरलात.

विसरलो नाही. एकेकाळी कित्येक मालक म्हणायचे की तिकीट वितरकाचं, समोसा आपला. ते ४० माणसांत चालत नाही.

मग तिकीट वाढवा की. मल्टिप्लेक्समध्ये लोक ३०० देतातच.

तिथं ते गारव्याचे, पार्किंगचे आणि मॉलमध्ये फिरण्याचे देतात. टॉकीजचा प्रेक्षक वेगळा आहे. तो चार जणांचं कुटुंब घेऊन येतो तेव्हा पाचशेच्या नोटेत येण्याजाण्यासकट भागेल का हे बघतो.

कराचंही गणित १०० रुपयांवर येऊन थांबतं. २०१७ च्या जुलैपासून जीएसटी आला तेव्हा १०० पर्यंतच्या तिकिटाला १८ आणि वरच्याला २८ टक्के होता. १ जानेवारी २०१९ पासून तो १२ आणि १८ झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० पर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के, वरच्याला १८ च. म्हणजे तिकीट १०० चं १२० केलं की कर एकदम वर उडी मारतो आणि वाढवलेल्यातला मोठा भाग तिकडंच जातो. ही सवलत टॉकीजला मिळालेली अलीकडची एकमेव बरी गोष्ट आहे, फक्त पंधरा वर्षं उशिरा. जाता जाता, जुन्या करमणूक शुल्कातून मराठी चित्रपट मोकळे होते. जीएसटीत ती थेट माफी राहिली नाही.

डिजिटल आल्यावर तर फायदा व्हायला हवा होता ना?

झाला, आणि त्याच फायद्यानं घातही केला.

आधी काय होतं ते सांगतो. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगानं मिनिटाला ९० फूट पळते. हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं. अडीच-पावणेतीन तासांचा हिंदी चित्रपट म्हणजे चौदा-पंधरा रिळं, लोखंडी पेट्यांतून एसटीच्या टपावर किंवा रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून आलेली. केबिनमध्ये दोन मशीन. एकावर रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसतो. प्रेक्षकाला तो कळत नाही, ऑपरेटरला मात्र तेवढंच दिसतं. त्या ठिपक्यावर दुसरं मशीन सुरू, पहिलं बंद. जुन्या मशीनमध्ये उजेड कार्बनच्या कांड्यांचा, त्यांच्यातलं अंतर हातानं सांभाळायचं, नाहीतर पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या. पुढं झेनॉनचे दिवे आले तेव्हा केबिनमधला धूर गेला. एकाच गावातल्या दोन टॉकीजनी एक प्रिंट वाटून घेतली असेल तर एकीकडचं संपलेलं रीळ सायकलवरून दुसरीकडं न्यायचं. सायकलवाला फाटकात अडकला की इंटरव्हल लांबायचा आणि कँटीनवाला खूश व्हायचा.

एका प्रिंटचा खर्च पन्नास हजारांच्या वरच जायचा, म्हणून प्रती मोजक्या निघत. २००५ नंतर उपग्रहावरून चित्रपट पाठवणाऱ्या कंपन्या आल्या, डिश लागल्या, केबिनमध्ये सर्व्हर बसला आणि माजलगाव-उदगीरसारख्या गावांतही मुंबईबरोबर शुक्रवारी चित्रपट लागू लागला. वितरक ठरल्या खेळांची किल्ली, म्हणजे पासवर्डसारखा कोड, पाठवतो, ती आली नाही तर चित्रपट उघडतच नाही. ऑपरेटरचं काम बटण दाबण्यावर आलं. ज्यांनी तीस वर्षं कार्बन सांभाळला त्यांच्यातल्या काहींना माउस हातात धरवेना.

फायदा उघड होता. घात असा की जुन्या पद्धतीत चित्रपट उशिरा यायचा पण आला की महिनाभर चालायचा, कारण हैदराबादला गाजलेली बातमी त्याच्या आधी पोचलेली असायची. पडलेला चित्रपट गावात यायचाच नाही. आता पडणारा चित्रपटही पहिल्याच दिवशी आमच्याच गळ्यात. सगळीकडं एकाच दिवशी लागतो म्हणून सगळीकडून एकाच आठवड्यात उतरतो. मोठा वितरक म्हणतो, लावायचा तर चारही खेळ आमचेच लावा. मल्टिप्लेक्सला पाच पडद्यांत ते जमवता येतं, एका पडद्यावर दुसऱ्या चित्रपटाला जागाच उरत नाही. यात मार जास्त खातो तो मराठी चित्रपट. २०१५ मध्ये राज्यानं मल्टिप्लेक्सना मराठीसाठी मोक्याच्या वेळा ठेवायला सांगितलं, पण टॉकीजमधली ही अडवणूक त्या वादात कुणाच्या लक्षातच आली नाही.

वर्षातले काही महिनेच गर्दी का असते?

कारण पैसा तेव्हाच असतो. सोयाबीन आणि कापूस दसरा-दिवाळीच्या सुमाराला बाजारात येतो, तेव्हा बाल्कनी भरते. बीडच्या डोंगरपट्ट्यातली निम्मी गावं मात्र नेमकी तेव्हाच ऊसतोडीला निघून जातात ती पाडव्याच्या आगेमागे परततात. त्या तालुक्यांत टॉकीजचा हंगाम उन्हाळा. रमजानच्या महिन्यात संभाजीनगर, परभणी, नांदेडात संध्याकाळचे खेळ मंदावतात आणि ईदला तीनही खेळ भरतात. दुष्काळाचं तर विचारू नका. लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या टॉकीजमध्ये एसी नाही, मोठे वॉटर कूलर आहेत, तिथं त्या वर्षी कूलरमध्ये काय ओतायचं?

बायका टॉकीजला येणं का थांबलं?

मालकांनी थांबवलं, असं मी म्हणतो, आणि त्यावर मालक मंडळी माझ्यावर रागावतात. एकेकाळी लेडीजची बुकिंग खिडकी वेगळी होती, बाल्कनी घरच्यांची होती. नव्वदीनंतर गल्ला घसरला तसे सकाळच्या खेळाला ‘फक्त प्रौढांसाठी’चे स्वस्त चित्रपट लागले आणि त्यांची पोस्टरं चौकात. एकदा टॉकीजची ती ओळख झाली की सहाच्या खेळाला कितीही कौटुंबिक चित्रपट लावा, आई लेकीला घेऊन येत नाही. त्यात स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही.

प्रेक्षक मेला नव्हता, हे दोनदा दिसलं. २०१६ च्या एप्रिलअखेरीस ‘सैराट’ आला तेव्हा खेड्यांतून टेम्पो भरून माणसं आली आणि रात्रीचे जादा खेळ लावावे लागले. २०२३ ला ‘बाईपण भारी देवा’ला बायका घोळक्यानं, ठरवून, एकसारख्या साड्या नेसून गेल्या. पण त्यातल्या बहुतेक मल्टिप्लेक्सला गेल्या. टॉकीजवाल्यांनी यावर विचार करायला हवा होता.

टॉकीज पाडून दुकानं काढता येतात का?

सरळ नाही. चित्रपटगृहाचा परवाना १९५३ च्या राज्याच्या सिनेमा विनियमन कायद्याखाली आणि त्याच्या १९६६ च्या नियमांखाली मिळतो, देणारं कार्यालय जिल्हाधिकाऱ्यांचं, जिथं पोलीस आयुक्तालय आहे तिथं आयुक्तांचं. परवाना सोडून देता येतो. अडचण जागेच्या वापराची आहे. चित्रपटगृहाच्या जागेवर नवं बांधकाम करायचं तर त्यात लहान का होईना पण चित्रपटगृह ठेवा, अशी अट विकास नियमांत दीर्घकाळ राहिली आहे. ती काढून टाका, ही मालकांच्या संघटनेची जुनी मागणी. आपल्या शहराला आज कोणता नियम लागू आहे आणि त्यात किती आसनांची अट आहे, ते नगररचना विभागातून लेखी घ्या. दलालाच्या तोंडी माहितीवर व्यवहार करू नका.

माझं मत विचाराल तर अट ठेवावी, पण ती निभावता येईल अशी करावी. आज ती अशी आहे की पाडायलाही नको आणि चालवायलाही परवडत नाही. मग इमारत तशीच पडून राहते, पिंपळ उगवतात, आणि शहराच्या मध्यभागी दहा गुंठे कुणाच्याच कामाचे राहत नाहीत.

त्यातच वाटणी. आजोबांनी बांधलेल्या टॉकीजला आता सात-आठ वारस असतात, दोन पुण्यात, एक परदेशात. त्यांच्या सह्या एका कागदावर येईपर्यंत छत खाली येतं. पडून असलेल्या टॉकीजपैकी बऱ्याच नियमांमुळं नव्हे, भावकीमुळं पडून आहेत.

वारसा इमारत म्हणून जाहीर करून घेता येईल का?

प्रयत्न करायला हरकत नाही, अपेक्षा बेताची ठेवा. मुंबईचं इरॉस २०१८ ला जागतिक वारसा ठरलेल्या, आर्ट डेको या वास्तुशैलीच्या इमारतींच्या समूहात आहे. तरीही ते वर्षानुवर्षं बंद होतं आणि पुढं मोठ्या आयमॅक्स पडद्यासह उघडलं. मेट्रो तर २००६ लाच मल्टिप्लेक्स झालं. वारशाचा शिक्का बाहेरची भिंत वाचवतो, आतले खेळ वाचवत नाही. संभाजीनगर जिल्ह्यात वेरूळ आणि अजिंठा १९८३ पासून जागतिक यादीत आहेत, दरवाजे आणि मकबऱ्यांच्या डागडुजीलाच निधी पुरत नाही. साठ-सत्तर वर्षांच्या टॉकीजचा नंबर त्या रांगेत कधी लागणार?

मंगल कार्यालय करावं का?

बऱ्याच झाल्या. फक्त उताराची फरशी भरून सपाट करावी लागते आणि खांब नसलेलं मोठं छत बघून लोक खूश होतात. पार्किंग नसलं तर वरात रस्त्यावर आणि तक्रार पोलिसांत. गोदाम, शोरूम, लातूरसारख्या शहरात शिकवणीचे वर्ग, हे पर्यायही लोकांनी वापरले आहेत.

सरकारनं किंवा नगरपालिकेनं चालवायला घ्यावी का?

केरळमध्ये राज्याचं चित्रपट विकास महामंडळ स्वतःची चित्रपटगृहं चालवतं, तिरुवनंतपुरमची कैरळी-श्री-निळा ही त्यातली माहितीची. म्हणजे अशक्य काही नाही. पण आपल्याकडचा नाट्यगृहांचा अनुभव बघा. संभाजीनगरचं संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी किती काळ बंद राहिलं ते नाटकवाल्यांना विचारा. नगरपालिकेनं चालवण्यापेक्षा जागा घेऊन, एक पडदा बांधून, तिकिटाच्या कमाल दराच्या अटीवर चालवायला द्यावी, हे मला जास्त पटतं.

तेलंगणात तर टॉकीज जोरात चालतात म्हणे?

आपल्यापेक्षा बऱ्या चालतात. तिथला आवडत्या नटावर जीव टाकणारा प्रेक्षक पहिल्या दिवशी टॉकीजलाच जातो, मॉलला नाही. पण मे २०२४ मध्ये तेलंगणातल्या एकपडदा मालकांनी प्रेक्षक नाहीत म्हणून दहा दिवस खेळ बंद ठेवले होते, हेही लक्षात असू द्या. आयपीएल, निवडणूक आणि मोठा चित्रपट नाही, एवढ्यानं ते थांबले.

मग टिकेल कोण?

देशात आज सगळे मिळून दहा हजारांच्या आसपास पडदे आहेत, चीनमध्ये ऐंशी हजारांच्या वर. म्हणजे पडदे जास्त झालेत असं कुणी म्हणू शकत नाही. मोठ्या हॉलचे दिवस मात्र गेले. ६०० खुर्च्या वर्षातून दहा-पंधरा दिवस भरतात आणि बाकीचे दिवस त्या रिकाम्या खुर्च्यांवरचे पंखे फिरवावे लागतात. ज्या मालकानं पुढच्या बाजूला गाळे काढले, मागं दीडशे-दोनशे खुर्च्यांचा एक किंवा दोन छोटे पडदे ठेवले, स्वच्छतागृह नीट केलं आणि तिकीट १०० च्या आत राखलं, तो टिकण्याची शक्यता मला जास्त दिसते. हवेनं फुगवायची फिरती चित्रपटगृहंही निघाली आहेत, २०२१ ला लेहमध्ये असं एक साडेअकरा हजार फुटांवर उभं केलं होतं. जत्रेतल्या तंबू टॉकीजचीच ही पुढची पिढी. तालुक्याला कायमची इमारत परवडत नसेल तर तेही चालेल.

हे बोललं की हळवे लोक म्हणतात, मग बाल्कनी गेली, मोझॅकचा जिना गेला, उरलं काय? उरलं स्वस्त तिकीट. शेतमजूर, कॉलेजचा पोरगा आणि नवरा-बायको-दोन लेकरं यांना दोन-तीन तास पंख्याखाली, कुणी न हटकता बसता येईल अशी जागा. संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो तो मॉलमधल्या मल्टिप्लेक्सात. चांगला महोत्सव आहे. पण मॉलच्या दारावर रखवालदार असतो आणि धोतरातला माणूस त्याच्याकडं बघून माघारी वळतो, हे मी बघितलं आहे. टॉकीजच्या दारावरचा डोअरकीपर फक्त तिकीट बघायचा. जिना वाचवायला आलेल्या पैशातून आधी ते दार वाचवा.

आमच्याकडं टॉकीजची जुनी पोस्टरं, रिळं, मशीन आहे. काय करू?

भंगारात देऊ नका, एवढं पहिलं. पोस्टर, फोटोसंच, गाण्यांच्या चोपड्या, काचेच्या जाहिरात-स्लाइड यांत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला रस असतो. १९६४ पासूनची ही संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाखाली आहे. आधी यादी करून फोटो पाठवा, थेट टेम्पो भरून नेऊ नका. रिळाच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्म सडायला लागली आहे, तो डबा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची फिल्म असेल तर ती नायट्रेटची असू शकते. ती भडकन पेट घेते, म्हणून घरात न ठेवता जाणकाराला दाखवा आणि तोवर उन्हापासून लांब ठेवा.

मशीनचं लोखंड आज वजनावर जातं, पण लेन्स, पाटी आणि क्रमांक काढून विकू नका, त्याशिवाय मशीन कुणाच्या कामाचं नाही. रोजच्या गल्ल्याची रजिस्टरं सापडली तर पोस्टरांच्या आधी ती वाचवा. कुठल्या चित्रपटाला कुठल्या वर्गात किती तिकिटं गेली, किती कर भरला, कोणत्या दिवशी वीज नव्हती म्हणून खेळ रद्द झाला, हे सगळं त्यात आहे आणि दुसरीकडं कुठंच लिहिलेलं नाही. वाळवी लागलेली पानं उलगडायचा प्रयत्न करू नका. आधी पानाचे फोटो काढा, तारीख दिसेल असे, मग वही कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा.